उत्तरेचं पाख

मामंजी बसमधून उतरून चालत आले आणि अंगणात उभे राहून आधी छपराकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी नंतर बघितलं.

"वर कुणी चढलं हुतं काय एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

"फणसावरनं वानरं येतात," मी म्हटलं.

"नुसतं वानरांचं काम न्हवं हे." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "उत्तरेचं सगळं पाख खाल्लंय. गळत आसंल."

"गळतं की. छपराचा तो सगळा उतारच गळतो. पावसाळाभर खाट इकडून तिकडं सरकवत असते."

व्हरांड्यात स्टोव्हवर मी इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवल्या होत्या. त्या तशाच टाकून मी त्यांच्या पाठीमागं रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांच्या खांद्याला सुतारकामाची खाकी पिशवी होती, तिच्यातून करवतीची मूठ बाहेर आलेली.

"जयू नाही आली?"

"परीक्षा हाय तिची," ते म्हणाले आणि पायांवर पाणी घ्यायला रांजणाकडे वळले.

जयू म्हणजे माझी मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती. माझे यजमान महादेव कावीळ होऊन गेले, तेव्हा ती पाळण्यात होती. माझ्या भावानं मला नर्सच्या ट्रेनिंगला घातलं. हॉस्टेलमध्ये तान्हं मूल ठेवून घेत नव्हते, म्हणून जयूला सासरी, गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी ठेवलं. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घरात मामंजी, माझे थोरले दीर बसवंत आणि जाऊ तानूबाई. ट्रेनिंग संपेपर्यंतच ठेवायचं, असं ठरलं होतं. पण ट्रेनिंग संपलं आणि नेमणूक मिळाली ती घाटमाथ्यावर, धुरेवाडीला. तिथं पाऊस लागला की ऊन म्हणून दिसायचं नाही. धुकं घरात शिरायचं, मिठाचं पाणी व्हायचं. बाळंतपणाची हाक आली की डोंगर उतरून वाडीवस्तीवर जायचं, परत कधी येणार ते सांगता यायचं नाही. दरवर्षी मी म्हणायची, यंदा जयूला नेते. दरवर्षी घरून एकच उत्तर यायचं: तुझं क्वार्टर गळतंय, पोरगी आजारी पडंल, पुढच्या वर्षी बघू. ते खोटंही नव्हतं.

त्या वर्षी मात्र मी देवीची लस टोचायला फिरणाऱ्या माणसाबरोबर घरी निरोप धाडला होता की, काही झालं तरी जूनमध्ये जयूचं नाव इथल्या शाळेत घालणार. त्यानंतर हे आले होते, हत्यारं घेऊन. मी काय समजायचं ते समजले. पोरीला पाठवायच्या आधी म्हातारा छप्पर नीट करून द्यायला आला. मला इतकं बरं वाटलं की स्टोव्हवरच्या पातेल्यातलं पाणी आटून सुया करपल्या, तो वास आल्यावर माझ्या लक्षात आलं.

चहा पिऊन त्यांनी फणसाला टेकवलेली शिडी ओढली आणि वर चढले. वयाच्या मानानं चपळ होते. सगळी हयात त्यांनी लोकांच्या घरांवर छपरं चढवण्यात घालवली होती. थोड्या वेळानं एक कौल काखेत धरून खाली आले.

"हे बघ."

लाल कौलावर करड्या-हिरव्या चकत्या पसरल्या होत्या, कडा वर वळलेल्या, वाळलेल्या पापडासारख्या. मी ते रोज खालून बघत होते, शेवाळ समजत होते.

"काळ्या मसाल्यात दगडफूल टाकतीस न्हवं? त्याचाच भाऊबंद," ते म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेरानं कौल वाजवलं. ओल्या लाकडावर मारावं तसा आवाज आला. मग पायरीजवळ पडलेलं एक चांगलं कौल वाजवलं, ते खणखणलं. "वरनं नुसतं चिकटल्यागत दिसतंय. पर मूळ आत गेल्यालं असतंय. पाणी धरून ठेवतंय. कौल भिजून भिजून भुसभुशीत हुतंय, मग वानराचा पाय पडायचं निमित्त."

मी एक चकती नखानं उचकटून ओढली. तिच्याबरोबर कौलाचा लाल पापुद्राच निघून आला.

"आसं ओढू नगंस. कौलाची साल निघती." त्यांनी माझ्या हातातून कौल काढून घेतलं. "भिजवायचं. सैल पडलं की काथ्यानं घासायचं. मग चुन्याची निवळी लावून उन्हात टाकायचं. टिकणारं हाय ते टिकतंय. बाकीची बदलायची."

बदलायला कौलं कुठून आणायची हा प्रश्न सरपंचांनी सोडवला. गावचा कोंडवाडा दोन पावसाळ्यांपूर्वी बसला होता, त्याची कौलं ढीग करून ठेवली होती. "सिस्टरच्या घराला लागतील तेवढी न्या," ते म्हणाले.

मग काम सुरू झालं. सकाळी मी दवाखान्यात असायची. दुपारी पेशंट कमी झाले की मी पदर खोचून अंगणात बसायची आणि टपात भिजत घातलेली कौलं काथ्यानं घासायची. मामंजी वर बसून वासे ठोकून बघायचे, वाशांवरच्या सडलेल्या पट्ट्या, रिपा, काढायचे, नव्या मारायचे. धुरेवाडीची दाई सोनाबाई मदतीला यायची. घासलेली कौलं ती चुन्याच्या निवळीत बुडवून कुंपणाला ओळीनं उभी करायची.

मामंजींचं आणि माझं तोवर कधी धड बोलणं झालं नव्हतं. लग्न झालं तेव्हा मी पदर पुढं ओढून वावरणारी सून, आणि महादेव गेल्यावर तर त्या घरात कुणी कुणाशीच फार बोलत नव्हतं. महादेव त्यांच्याच हाताखाली शिकले होते. बापलेकांनी मिळून तालुक्यातली किती तरी घरं शाकारली होती. पण ते गेल्यापासून मामंजींनी मुलाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी ते आढ्याच्या लाकडावर बसले होते आणि मी शिडीवरून एकेक कौल वर देत होते. ते एकदम म्हणाले, "महादू हितं बसून शीळ घालायचा. आढ्यावर. खालनं मी वराडायचो, आरं, घरधनी काय म्हणतील. ऐकायचा न्हाई."

मी कौल हातात धरून तशीच उभी राहिले.

"दे की," ते म्हणाले. मी दिलं. त्या संध्याकाळी मी शेंगदाण्याची आमटी केली. महादेवांना आवडायची ती.

जेवताना मी त्यांना जयूबद्दल विचारायची. सुट्टीत चार दिवस गावी गेले की ती मला दिसायची, पण पाहुण्याला दिसावी तशी, तेल लावलेली, नवा फ्रॉक घातलेली. रोजची जयू मला माहीत नव्हती.

"भात खाते की भाकरी?"

"भाकरी दुधात कुस्करून. तानू देती."

"झोपते कुठं?"

"तानूच्या कुशीत. पाय टाकती अंगावर. बसवंता म्हणतो, मला जागाच राहत न्हाई."

"भिते कशाला?"

त्यांनी विचार केला. "घुबडाला. ओरडाय लागलं की तानू उठून दिवा लावती."

मी ते सगळं मनात साठवून ठेवत होते. दूध-भाकरी, दिवा, पाय टाकायची सवय. प्रत्येक गोष्टीत तानूबाई होत्या, हे मला ऐकू येत होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मुलीची हेळसांड झाली नाही एवढंच त्यातून मला कळत होतं. तानूबाईंना मूल नव्हतं. त्या मायाळू होत्या. त्यांचे उपकार कसे फेडावेत असं मला वाटायचं, एवढंच.

उत्तरेचं पाख पुरं झालं. मला वाटलं, आता मामंजी निघतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते दक्षिणेच्या पाखावर चढून कौलं उतरवत होते.

"तिकडं तर कधी गळलं नाही, मामंजी."

"हाय तवर बघून घेतो."

सोनाबाई निवळी ढवळता ढवळता माझ्याजवळ सरकली. "बाई, तुमचं सासरं काम संपवाय बघंनात. ही कौलं चांगली हाईत. येकावर बी फूल न्हाई."

"त्यांना करमतंय इथं," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. मलाही करमत होतं. त्या घरात माझ्या साड्यांशेजारी दुसऱ्या कुणाचं तरी धोतर दोरीवर वाळत होतं.

शेवटच्या संध्याकाळी आढ्यावरची कौलं चुन्यात बसवायची राहिली होती. मी घमेल्यातून चुना वर देत होते आणि बोलत होते. त्या दिवसांत मी फार बोलत असे. जयूची खाट मधल्या खोलीत कुठं लावायची, शाळा कशी हाकेच्या अंतरावर आहे, मी वस्तीवर गेले तर सोनाबाई कशी सोबतीला झोपायला येईल, हे सगळं मी त्यांना सांगत होते. घुबडासाठी एक छोटा कंदील आणून ठेवला होता, तोही सांगितला.

मामंजी काम थांबवून ऐकत होते. मग खाली उतरले. शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. हाताचा चुना धोतराला पुसायला लागले, जो त्यांनी एरवी कधीच पुसला नसता.

"शालन, जरा बस हितं."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"तुला ठावं हाय, तानूला..." ते थांबले. "बसवंताच्या अन् तिच्या लग्नाला लई वर्सं झाली."

"आक्कांना बरं नाही का?"

"बरं हाय. तसं न्हवं. मी आलो त्ये..."

तेवढ्यात कुंपणाशी धनगरवाड्यावरचा एक माणूस धापा टाकत उभा राहिला. त्याची बायको सकाळपासून अडली होती. मूल पायाळू होतं. मी उठले, पिशवी घेतली, चपला घातल्या.

"आल्यावर बोलू, मामंजी."

"जा जा. तिकडं आदी बघ," ते म्हणाले. मला आठवतं, ते सुटल्यासारखे दिसले.

बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. मी परत आले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. अंगण झाडलेलं होतं. शिडी फणसाला परत टेकवून ठेवली होती. आढ्यावरची कौलं बसली होती. मामंजी सकाळच्या बसनं निघून गेले होते.

"शाळा उघडायच्या आदी पोरीला आणून घालतो म्हनले," सोनाबाईनं सांगितलं. "दोनदा सांगितलं. इसरू नगंस म्हनले."

ते काय बोलणार होते याचा मी त्यानंतर विचार केला नाही. आनंदात माणूस असल्या गोष्टी लक्षात ठेवत नाही.

जून लागायच्या सुमारास त्यांनी जयूला आणलं. पाणी प्यायलाही थांबले नाहीत, आले त्याच बसनं परत गेले. जयूबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात घड्या घातलेले फ्रॉक, खोबरेल तेलाची बाटली, रिबिनी, आणि कापडात गुंडाळलेलं सुंठीचं तुपातलं चाटण. सर्दी झाली तर द्यायचं, असं जयूनंच मला सांगितलं. "काकीनं सांगितलंय."

ती मला आई म्हणत होती. मला वाटलं होतं, शिकवावं लागेल, पण ते तिला आधीच शिकवलेलं होतं. लहानपणापासून. तानूबाईंनी स्वतःला कधी आई म्हणवून घेतलं नव्हतं. मी तुझी काकी, आई धुरेवाडीला असती, असंच त्या तिला सांगत आल्या होत्या.

पाऊस सुरू झाला. घरात कुठंही थेंब नव्हता. मी कितीतरी वर्षांनी एकाच जागी खाट ठेवून झोपले. शेजारी जयू होती. ती माझ्या अंगावर पाय टाकत नव्हती. हात छातीवर घेऊन सरळ झोपायची, दुसऱ्याच्या घरी झोपतात तशी.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडत नव्हती. सगळं विचारून करायची.

"आई, मी पाणी पिऊ?"

"अगं, विचारायचं काय त्यात?"

"बरं." आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची.

दूध-भाकरी कुस्करून दिली तर खायची, दिली नाही तर मागायची नाही. वेणी घालताना मान वळवली की हळूच 'दुखतंय' म्हणायची, आणि मी सैल घातली की 'बरं' म्हणायची. घुबड ओरडलं तेव्हा मी कंदील लावला. ती जागी होती. कंदिलाकडे बघत राहिली आणि थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड केलं. पहाटे झोपेत काहीतरी पुटपुटली. मी कान दिला. काकी म्हणत होती.

शाळेतले गुरुजी म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. श्रावणात एकदा मी वस्तीवरून आले तर ती घरात नव्हती. पावसात शोधत गेले. एसटीच्या थांब्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, सोनाबाईच्या घोंगडीत गुंडाळून बसली होती. सोनाबाई शेजारी उभी होती.

"रोजच येती, बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुमी नसलासा की. तुमास्नी कसं सांगू."

"कुठं जायचंय तुला?" मी जयूला विचारलं.

"कुठं न्हाई. बस बघाय आलो हुतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली 'आलो, गेलो' असंच बोलतात. "गडिंग्लजची पाटी असती तिला."

मी तिला उचलून घरी आणलं. सात वर्षांची मुलगी, पण हलकी लागली. आली तेव्हापेक्षा हलकी.

गौरींच्या आधी तानूबाई आल्या. न कळवता आल्या. घरी खुर्चीवर बसून मी दवाखान्याची कार्डं भरत होते, तेव्हा दारात कुणीतरी छत्री मिटली. जयू आतून धावत आली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. तसं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. तानूबाईंचे दोन्ही हात वरच होते. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. हात तसेच ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, घेऊ का, असं विचारल्यासारख्या.

"घ्या की, आक्का," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी हात खाली आणले.

जयू त्यांच्या मांडीवरच झोपली. आम्ही चुलीपाशी बसलो. तानूबाई वाळल्या होत्या. त्या हळू आवाजात बोलत होत्या, मुलगी जागी होऊ नये म्हणून.

"राहवंना म्हणून आलो. राग मानू नगंस. उद्या जातो."

"असं काय बोलता?"

"न्हाई, तात्यांनी सांगितलं हुतं, जायाचं न्हाई, पोरगी हळूहळू रमंल." गावात सगळे मामंजींना तात्या म्हणत. "तू न्हाई म्हणालीस त्ये बरोबरच केलंस, शालन. मी मनात धरलं न्हाई. कुठली आई हो म्हणंल? मीच यांना म्हणत हुतो, कुठल्या तोंडानं इचारायचं. पर ह्यांनी अन् तात्यांनी ठरवलं, दत्तक घ्यायचं तर रीतसर इचारून घेऊ. तात्या सोता म्हणाले, मी जातो, मी इचारतो."

मी चुलीत लाकूड सारत होते. हात तिथंच राहिला.

"काय विचारलं मला, आक्का?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तात्यांनी इचारलं न्हवं तुला? जयूला आमच्या वटीत देशील का म्हणून. दहा-बारा दिवस राहिले हितं. परत आले अन् म्हणाले, शालन न्हाई म्हणाली. पोरगी तिची हाय, आणून घालतो."

"मला कुणी काहीच विचारलं नाही," मी म्हटलं.

तानूबाईंनी तोंडाला पदर लावला. वर पाऊस पडत होता आणि मांडीवरची मुलगी झोपेत त्यांच्या अंगावर पाय टाकून होती.

मी तानूबाईंना गौरी जेवेपर्यंत ठेवून घेतलं. त्या दिवसांत जयू भाकरी मागून खायला लागली. पाणी प्यायला विचारायची बंद झाली. एकदा सोनाबाईच्या नातवंडांबरोबर अंगणात ओरडत धावली. मी दवाखान्याच्या खिडकीतून ते बघत होते. मुलगी परत पाठव, असं मला कुणी सांगितलं नाही, कुणी तिला मागितलं नाही. उलट मी बोलले तेव्हा तानूबाईच नाही म्हणाल्या.

"आक्का, तिला घेऊन जा."

"दिवाळीपतूर?"

"नाही."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "आसं करू नगंस. पुढं तुला जड जाईल."

"जाईल," मी म्हटलं.

बसपाशी सोडायला मी गेले. सोनाबाईनं ट्रंक डोक्यावर घेतली होती. जयू तानूबाईंचं बोट धरून उड्या मारत चालली होती. बस यायला वेळ होता. मी जयूपुढं उकिडवी बसले, तिच्या फ्रॉकचं बटण लावलं. ते लावलेलंच होतं, मी काढून परत लावलं.

"जयू, आता काकीला आई म्हणायचं हं."

तिनं वर तानूबाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

"खरं?" ती म्हणाली.

"खरं."

"मग तुला काय म्हणू?"

तिनं ते साधंच विचारलं होतं. गणित विचारावं तसं. मी तिच्या तोंडावरचे केस मागं केले. काय सांगावं ते मला सुचेना, तोवर बस आली आणि चढायची घाई झाली.

दिवाळीच्या सुमारास मामंजी आले. या वेळी छपराकडे बघितलं नाही. ओट्यावर बसून राहिले. मी फराळाची ताटली ठेवली, तिला त्यांनी हात लावला नाही.

"का दिलीस?" ते म्हणाले.

"तुम्ही तेच विचारायला आला होतात ना, मामंजी."

"आलो हुतो. रोज सकाळी ठरवायचो, आज इचारतो. तू भाकरी वाढायचीस अन् पोरीचंच काढायचीस. मग वाटायचं, उद्या. काम हाय तवर हाय. दक्षिणेचं पाख चांगलं हुतं, शालन. त्ये मी उगंच उतरवलं. तू त्या कंदिलाचं बोललीस अन् माझ्यानं व्हईना. घरी जाऊन लबाड बोललो. म्हटलं, हिची हिला मिळू दे."

"विचारलं असतंत तर..."

"तर तू न्हाई म्हणाली असतीस. अन् मी पोरगी आणून घातली असती. त्येच झालं."

"मी नाहीच म्हटलं असतं," मी म्हटलं. "पण मला कळलं असतं, मी कुणाच्या कुशीतून तिला काढतेय. मी आक्कांनाही बोलावून घेतलं असतं. पावसाळाभर राहिल्या असत्या इथं. दोघींच्या मधे झोपली असती ती. मग हळूहळू त्या महिन्यातून एकदा आल्या असत्या."

हे मी आधी कधी मनात आणलं नव्हतं. बोलता बोलताच मला ते सुचलं. मामंजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हे कुणालाच सुचलं न्हाई," ते म्हणाले.

"आता?" मी विचारलं. म्हणजे विचारून बघितलं.

त्यांनी मान हलवली. "आता ती तानूला आई म्हणती. दिवसभर म्हणती. काम नसलं तरी हाक मारती. परत कुठं..." त्यांनी लाडवाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, माझ्यासाठी. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

माझी पुढं दोन ठिकाणी बदली झाली, मग निवृत्त झाले. जयू शिकली. तिचं लग्न झालं, कन्यादान बसवंतभाऊजी आणि तानूबाईंनी केलं, मी पुढच्या ओळीत होते. तिला सगळं माहीत आहे. तानूबाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. ती माझं सगळं बघते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरवडाभर माझ्याकडे येऊन राहिली, डोळ्यांत थेंब घालायची, भात कालवून द्यायची. तिची मुलं मला धुरेवाडीची आज्जी म्हणतात.

ती मात्र मला हाक मारत नाही. बस थांब्यावर तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं नाही, आणि तिनंही परत विचारलं नाही. दुसऱ्या खोलीतून तिला माझ्याशी बोलायचं असलं, तर ती हातातलं काम ठेवते, चालत माझ्यापर्यंत येते, समोर उभी राहते, आणि मग बोलायला सुरुवात करते.